टोर्बेल : पाचशे वर्षे राखलेले कुरण

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाच्छादित शिखरे, हिरवीगार कुरणे आणि गळ्यात घंटा बांधलेल्या धष्टपुष्ट गाई उभ्या राहतात. कॅलेंडरावर असे चित्र आपण अनेकदा पाहिलेले असते. पण विद्यार्थी मित्रांनो, त्या चित्रातील कुरण हिरवे कसे राहिले, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? ते कुरण कोणा एकाच्या मालकीचे नसते, साऱ्या गावाचे असते. आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे आपण नेहमी ऐकतो. मग तेथील गुरांनी ते केव्हाच ओरबाडून उजाड कसे केले नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका लहानशा खेड्यात जाणार आहोत. त्याचे नाव टोर्बेल. लोकवस्ती कधीच फार नव्हती. विसाव्या शतकात ती सुमारे ६०० होती, आज ती पाचशेच्या आसपास आहे. तेथे राजवाडा नाही की प्रसिद्ध रणांगण नाही. तरीही मानवशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. कारण आपले कुरण कसे वापरायचे याचे नियम या गावाने १४८३ साली लिहून ठेवले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले.

पर्जन्यछायेतील दरी

स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात वालिस नावाचा प्रांत आहे. फ्रेंच भाषेत त्यालाच व्हॅले म्हणतात. त्याच्या मधून ऱ्होन नदी वाहते. फिस्प या गावापाशी तिला दक्षिणेकडून फिस्पा नावाची नदी मिळते. या फिस्पा नदीच्या खोल दरीत, पश्चिमेकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर टोर्बेल वसलेले आहे. खाली दरीतून झेरमॅटकडे जाणारी आगगाडी १८९१ सालापासून धावते, पण टोर्बेलला जायचे तर श्टाल्डेन गावापासून सुमारे ७०० मीटरची चढण चढावी लागते. पक्का रस्ता होण्यापूर्वी गावात येणारी प्रत्येक वस्तू खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरूनच येत असे.

आता एक नवल पाहा. आल्प्स पर्वत म्हणजे पाण्याची खाण. परंतु फिस्पा नदीची ही दरी स्वित्झर्लंडमधील सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. श्टाल्डेनच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. आल्प्सच्या उत्तर उतारावर अनेक ठिकाणी याच्या तिपटीहून अधिक पाऊस व बर्फ पडते.

असे का व्हावे? नकाशा उघडा. दरीच्या उत्तरेला बर्नच्या आल्प्सची रांग आहे. तिच्यात ४,१५८ मीटर उंचीचे युंगफ्राऊ शिखर येते. दक्षिणेला इटलीच्या सीमेवर ४,६३४ मीटर उंचीचे माँटे रोझा आहे. बाष्पाने भरलेले वारे उत्तरेकडून येवोत वा दक्षिणेकडून, त्यांना प्रथम या भिंती चढाव्या लागतात. वर चढताना हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते व ते तेथेच पडते. पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. सह्याद्रीवरील महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि थोड्याच अंतरावर पूर्वेला माण तालुक्यात दुष्काळ, हा प्रकार आपल्याला चांगला ठाऊक आहे. त्यालाच पर्जन्यछाया म्हणतात. फिस्पाची दरी अशा दोन छायांमध्ये सापडली आहे.

ऊन भरपूर, पाऊस कमी, जमीन उभ्या चढाची आणि हिवाळा लांब. अशा ठिकाणी माणसाने जगावे कसे? टोर्बेलच्या लोकांनी याचे जे उत्तर शोधले ते डोंगराच्या उंचीवर आधारलेले होते.

उताराच्या पायऱ्या

सर्वसाधारणपणे दर १०० मीटर चढले की तापमान सुमारे ०.६ अंश सेल्सियसने उतरते. म्हणजे ८०० मीटरवर असलेल्या श्टाल्डेनपासून २,३०० मीटरवरील कुरणापर्यंत गेले, तर १,५०० मीटरच्या चढणीत ९ अंशांचा फरक पडतो. एकाच गावाच्या शिवारात जणू चार देशांची हवामाने एकावर एक रचलेली असतात.

या प्रत्येक पायरीचा उपयोग ठरलेला होता. सर्वांत खालच्या उबदार उतारावर द्राक्षाचे मळे. त्याच्या वर, गावाच्या आसपास, राय नावाच्या धान्याची शेते, भाजीपाल्याचे वाफे आणि फळझाडे. अठराव्या शतकानंतर त्यांत बटाट्याची भर पडली. शेतांच्या भोवताली आणि वर गवताची कुरणे, ज्यांतील गवत कापून हिवाळ्यासाठी वाळवून ठेवीत. त्याच्या वर लार्च व इतर सूचिपर्णी वृक्षांचे जंगल. आणि जंगलाची सीमा संपली की उंचावरील मोकळे कुरण. स्थानिक लोक या उंचावरील कुरणालाच 'आल्प' म्हणतात. आपण साऱ्या पर्वताला जे नाव देतो, ते त्यांच्या दृष्टीने गाई चारण्याच्या जागेचे नाव आहे!

घरे लार्चच्या लाकडाची. उन्हाने ती काळसर तपकिरी झालेली असतात. घरापासून वेगळी अशी धान्याची कोठी असते आणि तिची रचना मोठी मौजेची असते. कोठी जमिनीवर टेकलेली नसून ठेंगण्या खांबांवर उभी असते. प्रत्येक खांब आणि कोठी यांच्यामध्ये चाकासारखी एक वाटोळी, सपाट शिळा बसविलेली असते. उंदीर खांबावर चढू शकतो, पण शिळेच्या खालच्या बाजूने उलटे चालत जाऊन तिच्या कडेवर चढणे त्याला साधत नाही. ना विष, ना सापळा, तरी धान्य सुरक्षित.

रायच्या पिठाच्या भाकऱ्या गावाच्या सामाईक भट्टीत वर्षातून मोजक्याच वेळा भाजीत. जळण वाचावे हा हेतू. त्या वाळून इतक्या कडक होत की महिनोन्‌महिने टिकत.

गवताचे गणित

धान्यावर कसेबसे पोट भरेल, पण टोर्बेलच्या जीवनाचा खरा कणा म्हणजे गाय. दूध, लोणी, चीज, मांस, चामडे आणि शेताला खत, सारे गाईपासूनच. जेथे धान्य पिकत नाही अशा उंचीवरील गवताचे अन्नात रूपांतर करणारे ते एकमेव यंत्र होते असे म्हटले तरी चालेल.

परंतु या यंत्राला बाराही महिने चारा लागतो आणि गवत तर उन्हाळ्यातच उगवते. साधारण जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत गाई उंच आल्पवर चरतात. वसंत आणि शरद ऋतूंत काही दिवस गावाजवळ चरतात. उरलेला काळ, म्हणजे सुमारे २०० दिवस, त्या गोठ्यात बांधून ठेवाव्या लागतात.

चला, थोडे गणित करू. ४०० किलोग्रॅम वजनाच्या गाईला दिवसाला सुमारे १० किलोग्रॅम वाळलेले गवत लागते असे धरू. २०० दिवसांसाठी लागणारे गवत झाले २,००० किलोग्रॅम, म्हणजे दोन टन. हे गवत उभ्या उतारावर विळ्याने कापायचे, उन्हात पसरून वाळवायचे, भारे बांधायचे आणि पाठीवरून गोठ्याच्या माळ्यावर न्यायचे. एका भाऱ्याचे वजन ५० किलोग्रॅम धरले, तर एका गाईसाठी ४० खेपा. पाच गाई असतील तर २०० खेपा! आणि हे सारे पाऊस येण्याच्या आत, थोड्याशा उन्हाळी दिवसांत.

हे गणित नीट लक्षात ठेवा. टोर्बेलच्या कुरणाचे रहस्य यातच आहे.

हार्डिनचे कोडे

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 'सायन्स' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. तो जगभर गाजला. सामाईक मालमत्तेची शोकांतिका अटळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने उदाहरण दिले ते कुरणाचेच. त्याचा युक्तिवाद आपण स्वतःच आकडे घेऊन तपासून पाहू.

कल्पना करा की एका गावात १० कुटुंबे आहेत आणि त्यांचे एक सामाईक कुरण आहे. प्रत्येक कुटुंबाच्या १० गाई आहेत. एकूण १०० गाई कुरणावर नीट पोसल्या जातात व प्रत्येक गाय दिवसाला १० लिटर दूध देते. गावाचे एकूण दूध १,००० लिटर, प्रत्येक कुटुंबाचे १०० लिटर. आता असे धरू की याहून एक गाय वाढली की गवत कमी पडून प्रत्येक गाईचे दूध ०.२ लिटरने घटते.

एका कुटुंबाने एक गाय जास्त पाठविली. आता गाई १०१, प्रत्येकीचे दूध ९.८ लिटर. त्या कुटुंबाला ११ गुणिले ९.८ म्हणजे १०७.८ लिटर मिळाले. त्याचा फायदा ७.८ लिटर. बाकीच्या नऊ कुटुंबांना प्रत्येकी ९८ लिटर, म्हणजे प्रत्येकी २ लिटर तोटा. गावाचे एकूण दूध ९८९.८ लिटर झाले, म्हणजे १०.२ लिटरने घटले. फायदा एकाचा, तोटा साऱ्यांचा.

हे पाहून इतर कुटुंबे स्वस्थ बसतील काय? प्रत्येकाने एकेक गाय वाढविली की गाई ११० झाल्या आणि प्रत्येकीचे दूध ८ लिटरवर आले. आता प्रत्येक कुटुंबाला ११ गुणिले ८ म्हणजे ८८ लिटर मिळतात. आरंभी १० गाईंत १०० लिटर मिळत होते, आता ११ गाईंत ८८! सारेच बुडाले. आणि तरीही, एखाद्याने बारावी गाय पाठविली तर त्याला १२ गुणिले ७.८ म्हणजे ९३.६ लिटर मिळतात. म्हणजे नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही आणखी एक गाय वाढविण्याचा मोह प्रत्येकाला कायम राहतो. असे होत होत शेवटी गवताची मुळेसुद्धा शिल्लक राहत नाहीत, माती उघडी पडते आणि पाण्याबरोबर वाहून जाते.

हार्डिनच्या मते यातून सुटकेचे मार्ग दोनच. एक तर कुरणाचे तुकडे करून ते खाजगी मालकीचे करावे, नाही तर सरकारने सक्तीने नियंत्रण करावे. गणितात तर काही चूक दिसत नाही. मग टोर्बेलचे कुरण टिकले कसे?

१४८३ चा करार आणि १५१७ चा नियम

रॉबर्ट नेटिंग हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ. नायजेरियातील डोंगरी शेतकऱ्यांचा अभ्यास केल्यानंतर १९७० च्या सुमारास ते टोर्बेलला आले. गावात राहून त्यांनी शेती पाहिली, लोकांशी बोलणे केले, चर्चमधील जन्म-मृत्यू-विवाहांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि गावाने जपून ठेवलेली जुनी कागदपत्रे तपासली. त्यांचे 'बॅलन्सिंग ऑन ॲन आल्प' हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले.

टोर्बेलमधील जमिनीच्या व्यवहारांचे दस्तऐवज १२२४ सालापासून सापडतात. त्यांतील एक फार महत्त्वाचा दस्तऐवज १ फेब्रुवारी १४८३ चा आहे. त्या दिवशी गावकऱ्यांनी एकत्र येऊन एका संघाच्या स्थापनेच्या कलमांवर मान्यता दिली. आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांचा वापर नीट व्हावा हा त्याचा हेतू. त्या काळी कोलंबस अमेरिकेला पोहोचायचा होता आणि वालिस प्रांत स्वित्झर्लंडमध्ये सामीलही झालेला नव्हता. तो झाला १८१५ साली. म्हणजे हा नियम कोणा दूरच्या सरकारने लादलेला नव्हता, गावाने स्वतः केलेला होता.

पुढे १५१७ सालच्या नोंदीत एक नियम आढळतो. त्याचा आशय असा : कोणाही नागरिकाने हिवाळ्यात स्वतः पोसू शकेल त्यापेक्षा अधिक गाई आल्पवर पाठवू नयेत.

नियम इतका साधा दिसतो की त्यातील हुशारी प्रथम ध्यानातच येत नाही. आता मघाचे गवताचे गणित आठवा. आल्प सामाईक, पण हिवाळ्याचे गवत ज्या जमिनीवर उगवते ती खाजगी. आल्पवर एक गाय वाढवायची तर हिवाळ्यासाठी दोन टन गवत आणि ४० खेपा वाढल्या. उन्हाळ्यातील फुकट चाऱ्याला हिवाळ्यातील स्वतःच्या घामाची किंमत जोडली गेली. हार्डिनच्या गणितात जास्तीच्या गाईचा फायदा तिच्या मालकाला आणि तोटा सर्वांना मिळत होता. येथे त्या गाईचा मोठा बोजा मालकाच्याच पाठीवर येऊन पडला.

या नियमाचे आणखीही गुण आहेत. वसंतात बाजारातून स्वस्तात गुरे आणायची, गावाच्या आल्पवर फुकट पोसून धष्टपुष्ट करायची आणि शरदात विकून पैसा करायचा, ही युक्ती त्याने बंद केली. गावाची गवताची जमीन ठराविकच असल्याने गाईंची एकूण संख्याही आपोआप मर्यादेत राहिली. आणि लबाडी लपविणे कठीण झाले. कोणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या, कोणाच्या माळ्यावर किती गवत चढले, हे शेजाऱ्याला ठाऊक नाही असे लहान गावात होणार कसे?

अशा स्वरूपाचा नियम स्वित्झर्लंडच्या इतर अनेक डोंगरी गावांतही आढळतो. स्वतंत्रपणे विचार करणारी अनेक गावे एकाच उत्तरापाशी आली, याचाच अर्थ उत्तर कसाला उतरले होते.

राखणदार आणि चीजची वाटणी

नियम कागदावर लिहून भागत नाही, तो मोडणाऱ्याला आवर घालावा लागतो. त्यासाठी गावाने एक अधिकारी नेमला होता. त्याला 'गेवाल्टहाबर' म्हणत. जास्त गाई पाठविणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार त्याला होता आणि त्या दंडाची निम्मी रक्कम त्याला स्वतःला मिळे. म्हणजे डोळे उघडे ठेवण्यात त्याचाही लाभ होता!

उन्हाळ्याच्या आरंभी सर्व गाई एकदमच आल्पवर नेल्या जात व तेथे लगेच त्यांची मोजणी होई. या मोजणीचा आणखी एक उपयोग होता. आल्पवर प्रत्येक कुटुंब आपापली गाय राखीत बसत नसे. थोडे गुराखी आणि चीज बनविणारे कारागीर पगारावर नेमलेले असत. ते सर्व गाईंचे दूध एकत्र करून चीज बनवीत.

दूध दोन दिवसांत नासते, चीज मात्र महिनोन्‌महिने टिकते. कोमट दुधात रेनेट घातले की त्यातील प्रथिने गोठतात. रेनेट म्हणजे वासराच्या पोटातील पाचकरस. गोठलेला भाग कापून, दाबून पाणी काढून टाकतात व मीठ लावून मुरवीत ठेवतात. सुमारे १०० लिटर दुधापासून १० किलोग्रॅम चीज मिळते. दहापट हलके आणि टिकाऊ झालेले हे अन्न डोंगरावरून खाली आणणे सोपे जाते. हंगामाच्या शेवटी ज्या कुटुंबाच्या जितक्या गाई, त्या प्रमाणात त्याला चीजचा वाटा मिळे.

संघाची दरवर्षी सभा भरे. गाई बाळगणारे सर्व नागरिक तिचे सभासद. सभा अधिकारी निवडी, गुराखी नेमी, आल्पवर शेण कोठे पसरायचे ते ठरवी. पायवाटा दुरुस्त करणे, हिमलोटाने मोडलेली झोपडी पुन्हा उभारणे अशी कामे सभासदांनी अंगमेहनतीने करावयाची असत. ज्याला कुरणाचा लाभ हवा त्याने कुरणासाठी घाम गाळावा, असा व्यवहार होता.

काय खाजगी, काय सामाईक?

येथे एखादा विद्यार्थी विचारील, 'हे लोक इतके शहाणे, तर त्यांनी सारीच जमीन सामाईक का केली नाही?' नेटिंग यांनाही हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला. कारण टोर्बेलमध्ये शेते, गवताची कुरणे, द्राक्षमळे व बागा शतकानुशतके खाजगीच होत्या. वारसाहक्काने त्या मुलगे आणि मुली यांच्यात सारख्या वाटल्या जात, त्यामुळे त्यांचे लहान लहान तुकडेही झाले होते. आणि याच लोकांनी आल्प, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि वाटा मात्र सामाईक ठेवल्या.

नेटिंग यांचे उत्तर असे की, मालकीचा प्रकार जमिनीच्या स्वभावावरून ठरला. शेताचा लहानसा तुकडादेखील पुष्कळ पीक देतो. त्याला खत, पाणी, मेहनत दिली की उत्पन्न वाढते. अशा जमिनीवर जो राबेल त्याला फळ मिळावे म्हणून ती खाजगी असणे सोयीचे. उंच आल्पचे तसे नाही. तेथे दर हेक्टरी उत्पन्न थोडे. कितीही राबले तरी ते फारसे वाढत नाही. आज एका बाजूला गवत आहे, तर दुसरीकडे अजून बर्फ आहे. अशा कुरणाचे शंभर तुकडे केले, तर एखाद्याच्या तुकड्यावर सारा उन्हाळा गवतच उगवणार नाही! शिवाय प्रत्येकाला वेगळे कुंपण, वेगळा गुराखी, वेगळी झोपडी लागेल. सारे कुरण एक ठेवले की गाई जेथे गवत असेल तेथे फिरतात, आणि खर्च सर्वांत विभागला जातो.

म्हणजे सामाईक मालकी हे मागासलेपणाचे लक्षण नव्हते. तेच शेतकरी सकाळी आपल्या खाजगी शेतात राबत आणि सायंकाळी सामाईक कुरणाच्या सभेला जात. कोठे काय योग्य हे त्यांनी अनुभवाने ठरविले होते.

पाणी आणि लाकूड

पाऊस कमी असल्याने गवताच्या कुरणांनाही पाणी द्यावे लागे. वालिस प्रांतात यासाठी डोंगराच्या कडेने मैलोन्‌मैल पाट काढलेले आहेत. काही ठिकाणी ते कड्यात टांगलेल्या लाकडी पन्हाळींतून जातात. हिमनद्यांचे वितळलेले पाणी त्यांतून केवळ उताराच्या बळावर वाहत येते. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. कोणाचा हक्क किती, याची नोंद लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून ठेवीत. प्रत्येक कुटुंबाची एक विशिष्ट खूण असे, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपला हक्क ओळखता येई. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत गावकरी मिळून पाटाचे पाणी वाटून घेतात, त्याच जातीची ही व्यवस्था. युरोपातील अशा पारंपरिक सिंचनाचा समावेश युनेस्कोने २०२३ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

जंगलाबाबतही तितकीच काळजी घेत. गावावरचे जंगल तोडले तर हिमलोट थेट घरांवर येतो. म्हणून कोणी मनाला येईल ते झाड तोडायचे नाही. तोडण्याजोगी झाडे गावाचे अधिकारी खूण करून ठरवीत. मग चिठ्ठ्या टाकून ती कुटुंबांच्या गटांना नेमून देत. गटातील लोक मिळून झाडे तोडीत, ओंडक्यांचे सारखे ढीग लावीत आणि पुन्हा चिठ्ठ्या टाकून कोणता ढीग कोणाचा ते ठरवीत. आपल्याला कोणता ढीग मिळणार हे आधी ठाऊक नसल्यामुळे ढीग सारखे लावण्यातच प्रत्येकाचे हित असे.

नाण्याची दुसरी बाजू

टोर्बेलची व्यवस्था सर्वांना सारखी गोड होती असे मात्र समजू नका. १४८३ च्या कलमांतच असे म्हटले होते की, बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला आल्पवर गाई चारण्याचा किंवा जंगलात झाड तोडण्याचा हक्क मिळणार नाही. कुरण वाचले, पण दार बंद करून.

दुसरी गोष्ट लोकसंख्येची. गाई मर्यादित म्हणजे माणसेही मर्यादित. नेटिंग यांना जुन्या नोंदींतून दिसले की गावात विवाह उशिरा होत, अनेक स्त्री-पुरुष जन्मभर अविवाहित राहत आणि बरेच जण गाव सोडून दूर निघून जात. कुरण आणि गाव यांचा तोल राखण्याची किंमत अशा रीतीने काही माणसांनी आपल्या आयुष्यातून चुकती केली. आणि 'सर्व नागरिक' म्हणजे दीर्घकाळ केवळ पुरुष. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मताचा हक्क १९७१ साली मिळाला. त्याआधी १९५७ साली टोर्बेलपासून जवळच असलेल्या उंटरबेख या खेड्यातील स्त्रियांनी देशात प्रथमच मतपेटीत मते टाकून खळबळ उडविली होती.

आजचे टोर्बेल

विसाव्या शतकात गावाचे जीवन पालटले. फिस्प येथे मोठा रासायनिक कारखाना उभा राहिला आणि गावातील पुरुष तेथे कामाला जाऊ लागले. पहाटे गोठा, दिवसा कारखाना, सायंकाळी पुन्हा गवत, असा दुहेरी दिनक्रम कित्येकांचा झाला. रस्ता आला, मोटारी आल्या. रायची शेते कमी होत गेली. सुमारे २,००० मीटर उंचीवरील मोझआल्पवर आता पर्यटक हिंडायला आणि बर्फावर घसरायला येतात. जुन्या काळी गाई फार होतील ही भीती होती, तर आता अनेक डोंगरी गावांत गुरेच कमी होऊन कुरणांवर झुडपे माजण्याची चिंता आहे. परिस्थिती बदलली की प्रश्नही बदलतात.

परंतु टोर्बेलचा अनुभव वाया गेला नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात टोर्बेलचे उदाहरण तपशिलाने मांडले. त्याच्या शेजारी जपानमधील गावांची सामाईक जंगले, स्पेन आणि फिलिपाइन्समधील पाटबंधारे यांची उदाहरणे ठेवली. त्यांच्या लक्षात आले की दीर्घकाळ टिकलेल्या अशा व्यवस्थांत काही गोष्टी सारख्या आहेत. हक्क कोणाला हे स्पष्ट असते. नियम त्या जागेला साजेसे असतात आणि ते वापरणारेच ठरवितात. पाळत असते. चुकणाऱ्याला दंड असतो. या कार्यासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रात हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

मग हार्डिनचे गणित चुकले काय? नाही, गणित बरोबर होते. पण त्याच्या कुरणावरील गुराखी एकमेकांशी बोलत नव्हते, सभा भरवीत नव्हते, नियम करीत नव्हते. पुढे खुद्द हार्डिन यांनीही मान्य केले की आपण वर्णिलेली शोकांतिका व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेची आहे. टोर्बेलच्या शेतकऱ्यांना हा फरक १४८३ सालीच कळला होता.

करून पाहा

१. आपल्या उदाहरणातील गावात १० कुटुंबांनी प्रत्येकी १२ गाई पाठविल्या, तर प्रत्येक कुटुंबाला किती दूध मिळेल? १३ गाई पाठविल्या तर? उत्तरांचा आलेख काढा.

२. धान्याच्या कोठीखालील शिळेची प्रतिकृती काड्यापेटी, काड्या व पुठ्ठ्याच्या चकत्या यांपासून तयार करा. चकती किती रुंद हवी याचा विचार करा.

३. तुमच्या गावाला गायरान, तळे किंवा सामाईक विहीर आहे काय? ती कोण वापरते, दुरुस्ती कोण करते, नियम कोणी ठरविले आणि ते मोडले तर काय होते, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. टोर्बेलच्या नियमांशी त्याची तुलना करा आणि वर्गात चर्चा घडवा.